खांबावरची करंगळी

सोलापुरात खेळाचे फोटो काढायला लागून मला वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत मी एक गोष्ट पक्की शिकले, मैदानावर कुणाच्या गोड बोलण्यावर जायचं नाही. संयोजक सकाळीच म्हणाले, "मॅडम, करंडकाबरोबर या संघाचा एक फोटो आधीच घेऊन ठेवा," की मी मनात म्हणते, म्हणजे निकाल ठरलाय तर. बऱ्याचदा तसं काही नसतं, त्यांना फक्त दुपारी लवकर घरी जायचं असतं. पण शंका आली की माझं पोट तिच्यावरच भरतं, जेवणाचीही आठवण राहत नाही.

सगळ्यात जास्त राग मला वयचोरांचा. सतराव्या वर्षी दाढी घोटून चौदाच्या आतल्या गटात उतरायचं आणि खऱ्या तेरा वर्षांच्या पोराला धूळ चारायची. असाच एक कबड्डीतला पोरगा मी एकदा टिपला होता. फोटो पेपरात चांगला मोठा आला, आणि दोन दिवसांनी कळलं की तो कॉलेजात शिकतो. संपादक मला सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमच्या एवढ्या मोठ्या लेन्समधून त्याच्या मिशा दिसल्या नाहीत का?" तेव्हापासून दुधानं तोंड पोळलेली मी ताकसुद्धा फुंकून पिते.

गेल्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या खो-खो निवड चाचणीचं काम माझ्याकडे आलं. चौदा वर्षांखालच्या मुली, दोन दिवस. पहिल्या दिवशी साखळी सामने, दुसऱ्या दिवशी निवडक मुलींचा एक सामना, आणि त्यातून राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ. मी नेहमीप्रमाणे खांबाच्या मागे, चुन्याच्या रेषेपासून चार पावलं लांब मांडी ठोकून बसले. खो-खोचा खरा फोटो तिथंच मिळतो. पाठलाग करणारी मुलगी धावत येते, एका हातानं खांब धरून अंग झोकून देते आणि दुसऱ्या हातानं पळणारीला टिपते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं.

मोडनिंबकडच्या संघात एक काटकुळी मुलगी होती, दोन वेण्या वर बांधलेली. तिनं खांबावर पहिला सूर मारला आणि माझं बोट बटणावरच थबकलं. तिनं तीन बोटं आणि अंगठ्यानंच खांब धरला होता. करंगळी सरळ बाहेर, उकळत्या चहाचा कप धरताना धरतात तशी. असं कुणी धरत नाही. पकड ढिली होते, कुठलाही मास्तर पहिल्याच आठवड्यात ती करंगळी आत घ्यायला लावेल. आणि तरीही ही करंगळी मी आधी पाहिली होती, माझ्याच कॅमेऱ्यातून.

सामन्यानंतर मी तिला विचारलं, "किती वर्षं खेळतेस गं?"

"लई दिस झालं, मॅडम," ती हसत म्हणाली.

लई दिस! माझ्या शंकेला खतपाणी मिळालं. मी तिचं नाव विचारलं नाही. नावं मी विचारतच नाही, मैदानावर कुणी खरं नाव सांगेल याची खात्री काय? माझ्याकडचे फोटो मी गाव आणि डाव यांवरून लावून ठेवते. माझं म्हणणं असं की चेहरा काय, खेळताना दर क्षणाला बदलतो. अंगाची ढब बदलत नाही. पाठमोरा खेळाडूसुद्धा मी दोन पावलांत ओळखते, आणि याचा मला भलता तोरा होता.

संध्याकाळी सात रस्ता चौकाजवळच्या घरी आले, चप्पल काढायच्या आधी लॅपटॉप उघडला. "मोडनिंब, खांब" असं शोधलं, आणि पाच वर्षांपूर्वीचा तो फोटो समोर आला. तीच काटकुळी अंगकाठी, त्याच वर बांधलेल्या वेण्या, डावा पाय तसाच आत वळलेला, चेहरा धुळीत आणि केसांत अर्धा झाकलेला. आणि खांबावर ती करंगळी, बाहेर. तेव्हाही स्पर्धा चौदा वर्षांखालचीच होती. हा फोटो पेपरातही आला होता, खाली फक्त "खांबावर सूर मारताना मोडनिंबची खेळाडू" एवढंच.

पाच वर्षांपूर्वी चौदाच्या आत आणि आजही चौदाच्या आत? बाईंनी वय काय बर्फात घालून ठेवलंय? मला आनंद झाला, हे मी आज लाजेनं सांगते. या वेळी मिशा मला दिसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवड समितीतल्या एका सरांना बाजूला घेऊन दोन्ही फोटो मोबाइलवर शेजारी शेजारी दाखवले. त्यांनी यादी उघडून तिचं नाव शोधलं. मग म्हणाले, "कागद तर सगळे बरोबर दिलेत हिनं."

"कागदांचं काय, सर, ते करून मिळतात," मी म्हणाले.

सर गेले आणि त्यांनी तिला सामन्यातून बाहेर बसवलं. तिचे क्रीडाशिक्षक धावत आले, हातात शाळेचा दाखला, जन्माचा दाखला, आधार कार्ड. सरांनी कागदांकडे न बघता फोटो पुढे केला. मुलीनं तो पाहिला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"ही मी न्हाय, सर. ही माजी ताई हाय."

"असं सगळ्याच म्हणतात," सर म्हणाले. "कुठंय तुझी ताई?"

"मोडनिंबला. दुकानात कामाला जाती."

"मग आण की तिला. आली की बघू."

शिक्षकांनी फोन लावला. मी माझ्या जागेवर जाऊन बसले. ताई! म्हणे ताई! बहिणी सारख्या दिसतील, एक वेळ सारख्या धावतीलही, पण खांब धरायची चुकीची पद्धत काय रक्तातून येते? मी एकीकडे फोटो काढत होते आणि एकीकडे रस्त्याच्या बाजूला नजर ठेवून होते, कुणाला तरी ताई म्हणून उभं करतील म्हणून. ती मुलगी रेषेबाहेर बुटाची नाडी बांधूनच बसली होती. प्रत्येक खो ऐकू आला की अर्धी उठायची. सामना संपेपर्यंत ती तशीच बसली.

ताई आली तेव्हा एक वाजून गेला होता. सामना संपला होता आणि संघाची यादी वाचून झाली होती. कुणाच्या तरी मोटरसायकलवरून आली होती, दुकानातला एप्रन अजून अंगावर होता. मी तिला फाटकापासून चालत येताना पाहिलं आणि कॅमेरा खाली ठेवला. डावा पाय आत वळत होता. वीस वर्षांचा माझा तोरा मला त्या क्षणी खरं सांगत होता. फोटोतली ती हीच होती.

मी तिला करंगळीबद्दल विचारलं. विचारल्याशिवाय राहवलंच नाही.

ती हसली. "त्या दिशी माजी करंगळी दारात चेंगरली हुती की. पट्टी बांधली हुती, दुमडतच नव्हती. म्हून भाईर." मग धाकटीकडे बघत म्हणाली, "हिनं तुमचा पेपरातला फोटो कापून भितीला लावलाय. आठ वर्साची हुती तवा. रोज त्यात बघून बघून शिकली. मी किती येळा सांगितलं, करंगळी आत घे. न्हाय. म्हनती, फोटूत अशीच हाय."

मी मोबाइलवरचा फोटो बोटांनी ताणून मोठा केला. करंगळीभोवती मातीनं माखलेल्या पट्टीची कड होती. आदल्या संध्याकाळी मी तो फोटो दहा वेळा असाच मोठा करून पाहिला होता. तेव्हा मला फक्त पुरावा दिसत होता.

मी सरांकडे धावले. "सर, चूक माझी आहे. तिला घ्या." त्यांनी समजूत घातली. यादी वर गेली होती. जिचा आजचा खेळ कुणी पाहिलाच नाही तिला कुणाला काढून घेणार? आणि वर म्हणाले, "तुम्ही बरोबरच केलंत, मॅडम. अशी नजर पाहिजे." त्यापेक्षा त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

परत आले तेव्हा दोघी बहिणी पाण्याच्या टाकीपाशी होत्या. मोठी मला एवढंच म्हणाली, "तुमी तिला आधी इचारायचं हुतं की, मॅडम. तिनं सांगितलं असतं." आवाजात राग नव्हता. मला तो हवा होता. आदल्या दिवशी मी त्या पोरीच्या समोर उभी होते, एका वाक्याचं काम होतं.

धाकटी खाली बसून बुटाची नाडी सोडत होती. मोठी माणसं अशा वेळी बोलतात तेच मी बोलले, "वाईट वाटून घेऊ नको गं. पुढच्या वर्षी तुझी निवड नक्की."

तिनं मान वर केली. डोळे कोरडे होते.

"फुडच्या वर्सी मी या गटात बसत न्हाय, मॅडम," ती म्हणाली. "वय जास्त हुतंय. पायजे तर कागद बगा."