बुडबुडा वर जातो

लहानपणी भांडुपच्या आमच्या खोलीत तांदूळ निवडायचं काम माझ्याकडे असायचं. मी एकेका दाण्याशी अडून बसायची. आई वैतागायची, "गो, तांदूळ निवडतंस काय नवरो?" पुढे घाटकोपरला साडीच्या दुकानात लागले, तर पदराचा सुटलेला धागा गिऱ्हाइकाला मीच दाखवला. दोन महिन्यांत घरी! नीट बघितलं म्हणून नोकरी जाते, याचा मला भयंकर संताप आला होता.

मग मुलुंडच्या एका औषध कंपनीत नीट बघायचंच काम निघालं. इंजेक्शनची भरलेली बाटली दिव्याखाली धरून फिरवायची, आधी काळ्या पाटीसमोर, मग पांढऱ्या. काळ्यावर पांढरा कण दिसतो, पांढऱ्यावर काळा. आत काही तरंगताना दिसलं की बाटली बाद. देवाने हे काम माझ्यासाठीच राखून ठेवलं होतं, असं मला वाटलं.

पण कायम करण्याआधी परीक्षा असते. अडीचशे बाटल्या, त्यांत मुद्दाम मिसळलेल्या काही खराब. कुठल्या, ते फक्त परीक्षा घेणाऱ्या मॅडमच्या यादीत. मी खराब सगळ्या पकडल्या आणि वर तीस चांगल्याही फेकल्या.

"बुडबुडे कण समजून फेकलेस तू," मॅडम म्हणाल्या. "असं केलंस तर कंपनीची वाट लागेल ना! आठ दिवसांनी शेवटची संधी. तीनच्या वर चुका झाल्या, तर दुसरीकडे बघ."

घरी आईच्या इन्सुलिनची रिकामी बाटली घेतली, पाणी भरलं, कापसाचा तंतू सोडला. काळ्या पाटीऐवजी पालथी कढई. मी बाटली रागारागाने गर्रकन फिरवायची आणि पुन्हा बुडबुडेच दिसायचे. शेजारी लसूण सोलत बसलेली आई म्हणाली, "वाईच थांब गो. बुडबुडो वर जातलोच."

तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. बुडबुडे मीच करत होते. मुळात माझे डोळे चांगले होते, धीर नव्हता. आठ दिवस मी बाटली हळू फिरवायला आणि मग गप्प थांबायला शिकले. नाकावर राग असलेल्या बाईला हे किती जड जातं, ते मलाच माहीत.

दुसऱ्या परीक्षेत एका बाटलीपाशी अडले. आतलं काहीतरी वर जाईना, खालीही बसेना. मी ती बाद केली.

मॅडमनी यादी बघितली. "ही चांगली आहे." त्यांनी स्वतः दोन्ही पाट्यांसमोर धरली. "मला काही दिसत नाही. पक्कं?"

तोवर किती चुका झाल्यात, मला ठाऊक नव्हतं. डोळ्यांसमोर आईचा सुया टोचून निबर झालेला दंड आला.

"पक्कं, मॅडम."

"मग ही धरून तीन. वाचलीस."

आता नव्या मुलींना मी शिकवते. परीक्षा मात्र सगळ्यांची दरवर्षी होते, माझीही, आणि बाटल्या त्याच असतात. ती बाटली यादीत अजून चांगलीच आहे. दरवर्षी ती हातात आली की मी हळू फिरवते, थांबते, बुडबुडा असेल तर त्याला वर जायला वेळ देते. तो जात नाही. मी ती बाद करते आणि एक चूक पदरात घेते.