पाठ नसलेला शब्द

मूल इंग्रजी वाचायला बसलं की कुसुमबाई आधी पानावरचं चित्र तळहातानं झाकत.

चौसाळ्याजवळच्या आमच्या शाळेत शिक्षक दोनच. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मुलांच्या घरी इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नसे, पण पाठांतर पक्कं. मांजर दिसलं की ‘कॅट’ म्हणून मोकळी. अक्षराकडे कोण बघतो? “चित्र बोलाया लागलंय, तू कवा बोलनार?” बाई विचारत. मुलं हसत. मग एकेका अक्षराचा आवाज काढायचा, आवाज जोडायचे.

त्यांचा आणखी एक नियम होता. मुलानं जी वस्तू हाताळली, जिचं इंग्रजी नाव तोंडात घोळवलं, तिचाच शब्द वाचायला द्यायचा. त्यासाठी पिशवीतून टोपी, डबा, काय काय आणत. “अनोळखी पाव्हन्याला कुनी दार उघडतंय का?” म्हणत.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या, तेव्हा दुसरीतल्या आरतीचे वडील शाळेत आले. आरतीला आजीजवळ ठेवा, असं बाई कधीपासून विनवत होत्या.

“लई इंग्रजी वाचती म्हनता ना? दावा वाचून. वाचली तर ठिवतो. न्हाईतर कारखान्याला नेतो, धाकट्याला तरी सांभाळंल.”

मी हळूच म्हटलं, “बाई, पाठ असलेलं पान द्या.”

“फसवून ठेवायची नाही मला ती.” पाठांतराचा संशयच नको म्हणून त्यांनी वर्गात कधीच न घेतलेला शब्द फळ्यावर इंग्रजीत लिहिला: ‘फिग’.

आरतीचे ओठ हलले. ती थांबली. बाईंकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“तुमचा राग न्हाई, बाई,” वडील म्हणाले. “पर पोरीला येतच न्हाई, तर ठिवू कावून? चल गं.”

दुसऱ्या दिवशी ती ट्रॅक्टरमधून गेली.

त्याच हिवाळ्यात बाई आजारी पडल्या. अंबाजोगाईच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो, तर दुखण्याचं काही बोलेनात.

“सर, तिचे ओठ पाहिले होते तुम्ही? बरोबर हलले होते हो. शब्दाची ओळखच मी करून दिली नव्हती. मग पोरीनं भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा?”

“ती आली की तुम्हीच विचारा तिला,” मी म्हणालो.

शिमग्याआधीच बाई गेल्या.

टोळ्या परतल्यावर आरती वर्गाच्या दाराशी आली. “बाई कुटं हायेत?”

मी सांगितलं. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत उभी राहिली. बाजारातून आणून ठेवलेलं सुकं अंजीर मी तिच्या हातावर ठेवलं. “याला इंग्रजीत फिग म्हणतात.”

तिनं ते खाल्लं नाही. उलटसुलट करून पाहिलं.

“सर, मी मनात तेच वाचलं होतं,” ती म्हणाली. “पर मला वाटलं, असं काय नसतंच.”