चिकटवलेली दाढी

आधी सलून बंद पडलं, मग राहती खोली गेली; पण पुलाखाली राहायला आलेला हा न्हावी दाढी केल्यावाचून एक दिवस राहिला नाही. सिनेमावाल्यांनी त्याला बेघर माणसाच्या कामासाठी नेलं आणि त्याच्याकडे बघून दिग्दर्शकानंच नाक मुरडलं. "हा कुठल्या कोनातून बेघर वाटतो?"

मग मेकअपवाल्यानं त्याच्या गुळगुळीत गालांवर एक दाढी चिकटवली. तिला आधीच्या कुणाच्या तरी घामाचा आंबूस वास मारत होता. सकाळीच धुतलेल्या शर्टावर त्यानं चहाचा चोथा चोळला, नखांत काजळी भरली.

"आता कसा खराखुरा दिसतोस," दिग्दर्शक खूश होऊन म्हणाला. "उद्या असाच ये. धुऊ नकोस."

हयातभर लोकांची तोंडं साफ करणाऱ्याला स्वतःच्याच तोंडाची शिसारी आली. संध्याकाळी तो पुलाखाली परतला, तर शेजारच्या पथारीवरच्या म्हातारीनं नाक दाबलं.

"पुढं हो बाबा. ही घाण इथं नको."

"मावशी, मी आहे."

आवाज ओळखून ती उठली आणि त्याची हनुवटी धरून बघत राहिली.

"कुठल्या मेल्यानं केली रे तुझी ही दशा?"