धाकट्या पातीतला मुहूर्त

आमच्या देवासात राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि मध्ये नुसता एक रस्ता. थोरल्या पातीतल्या माझ्या पुस्तकांच्या दुकानात एकदा एक पागोटेवाले गृहस्थ आले आणि लुगडी पाहावीत तशी पंचांगं पाहू लागले. अंगठा जिभेला लावायचा, वैशाख-ज्येष्ठ चाळायचे आणि पंचांग फटकन मिटायचं.

"दुसरं दाखव, भिया. ह्यात माझ्या मुलीला मुहूर्तच नाही."

"मग पुढच्या वर्षी करा की."

"व्याही दर आठवड्याला मत बदलतो. ह्या आठवड्यात हो म्हणालाय."

अखेर एका पंचांगात शुक्रवारचा मुहूर्त निघाला. मी म्हटलं, "पण हे फक्त धाकट्या पातीतले भटजी मानतात."

"मग मांडव तिकडे घालतो. रस्ताच तर ओलांडायचा."

लग्न लागलं. शनिवारी गृहस्थ पंचांग घेऊन पुन्हा हजर.

"हे परत घे. एकच दिवस वापरलाय, बाकीचं वर्ष कोरं आहे."

मी ते घेऊन उघडलं. शुक्रवारवर त्यांचा हळदीचा अंगठा उमटला होता. पुढच्या वधूपित्याला मी ते शकुनाचं म्हणून चढ्या भावात विकलं.