खंडेनवमीला धुतलेले पाने

पाचव्या गाडीचा बोल्टही हाताखाली सरकला, तेव्हा मी फोन उचलला आणि चाकणच्या बोल्टवाल्याला झापायला सुरुवात केली.

शनिवारची दुपार होती. बीडजवळच्या आमच्या इलेक्ट्रिक कारच्या नव्या कारखान्यात मी क्वालिटी बघतो. या गाडीची बॅटरी सीटखाली तळाशी बसते आणि सोळा बोल्ट तिला धरून ठेवतात. बोल्ट किती आवळायचा ते अंदाजाने ठरवत नाहीत. त्यासाठी टॉर्क रेंच असतो. ठरलेला जोर लागला की तो ‘टक्’ वाजतो आणि कामगार हात थांबवतो. आमच्याकडे सगळे त्याला सरळ पाना म्हणतात. लाइनवर आवळलेले बोल्ट मी माझ्या कपाटातल्या मास्टर पान्याने पुन्हा तपासतो. माझा पाना वाजायच्या आत बोल्ट हलता कामा नये. शुक्रवार-शनिवारी तयार झालेल्या पाचही गाड्यांचे बोल्ट हलत होते.

सोमवारी गुंतवणूकदारांच्या इंजिनिअर मॅडम मुंबईहून येणार होत्या. त्यांना बारा गाड्या दाखवायच्या होत्या. त्यांचा रिपोर्ट चांगला गेला तर पुढचे पैसे येणार आणि दुसरी शेड उभी राहणार. नाहीतर दिवाळीनंतर लाइन बंद, असं मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं. दुसऱ्या शेडचे नुसते खांब उभे होते. माझ्या भावाचं घाटनांदूरला भुसार दुकान आहे. तो रोज फोनवर आधी विचारायचा, “कंपनी हाय ना रे अजून?” मग माझी तब्येत.

तर मी बोल्टवाल्याला झापत होतो. माल भंगार आहे, पुन्हा दारात उभं करणार नाही, वगैरे. माझा आवाज मोठा आहे. लाइनवरचे पाच जण माना खाली घालून ऐकत होते. फोन ठेवला तेव्हा त्यांच्यातली, बॅटरी बसवायच्या स्टेशनवरची मंगल पुढे आली.

मंगल चकलांब्याची. आठ वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात होती. तिथे नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. आमच्याकडे ती वर्षभरापूर्वी आली आणि सहा महिन्यांत स्टेशनची प्रमुख झाली.

“सर, त्या माणसाला कशाला बोलायलात?” ती म्हणाली. “पाने मी धुतलेत.”

मला काही कळेना. मग तिने सगळं सांगितलं. बुधवारी खंडेनवमी होती. हत्यारांची पूजा. तिने लाइनवरचे सगळे पाने डिझेलच्या ट्रेमध्ये बुडवले, ब्रशने घासले, पुसून हळदकुंकू वाहिलं. त्यांच्यात सणाला कोयताही असाच धुतात. घाण हत्याराची पूजा करत नाहीत.

कोयत्याला चालतं, टॉर्क रेंचला नाही. त्याच्या आतली स्प्रिंग ग्रीसवर चालते. डिझेलने ग्रीस धुऊन गेलं आणि पाना वेळेआधीच वाजायला लागला. कामगारांनी आवाज ऐकून हात थांबवला. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

तिला रागवणार होतो, तेवढ्यात आठवलं. त्या पूजेची आरती मीच केली होती. पेढा खाता खाता “पाने कसे चकाचक दिसतायत” असंही म्हणालो होतो. पाने धुवू नयेत हे ट्रेनिंगमध्ये सांगायचं काम माझं होतं आणि मी ते सांगितलं नव्हतं.

प्लांट हेड कदम साहेबांकडे गेलो. त्यांनी सुचवलं की पाच गाड्या मागे कव्हर टाकून ठेवू, मॅडमना सात दाखवू, पेंट राहिलाय म्हणू. खोटं कशाला सांगू, एक चहा होईपर्यंत मलाही ते पटलं होतं. पण त्या बाईने नोकरी पणाला लावून खरं सांगितलं होतं. लगेच मागोमाग मी खोटं बोलायचं, हे मला जमेना. कदम साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “मग उघडा पाचही.”

हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. सोडवले की फेकायचे. म्हणजे नवे हवेत, आणि ते देणारा एकच माणूस, ज्याला मी तासाभरापूर्वी नाही नाही ते बोललो होतो. मी फोन करून माफी मागितली. त्याने किती बोल्ट हवेत ते विचारलं. मग म्हणाला, “रविवारी गोडाऊन बंद असतं साहेब. पण उघडतो.” रविवारी दुपारी एसटीच्या पार्सलने खोका बीड स्टँडवर उतरला. त्यावर त्याने पेनाने लिहिलं होतं, ‘तपासलेले आहेत’. तेवढं म्हणायचा त्याला हक्क होता.

न धुतलेला पाना एकच उरला होता, माझा मास्टर. त्याच्यावर सगळ्यांनी आळीपाळीने काम केलं. संध्याकाळपर्यंत तीन गाड्या झाल्या. दोन सोमवारी सकाळीही लिफ्टवर होत्या, बॅटरी खाली काढलेली.

मॅडमनी आल्या आल्या त्याच दोन गाड्यांविषयी विचारलं. मी खंडेनवमीपासून सगळं सांगितलं. त्यांनी माझा पाना मागून घेतला आणि दुरुस्त झालेल्या तिन्ही गाड्यांचे बोल्ट स्वतः तपासले. एकही हलला नाही. मग त्यांनी मंगलला विचारलं की सांगताना भीती नाही का वाटली.

“वाटली की,” मंगल म्हणाली. “कंपनी बंद पडली तर मला पुन्हा तोडीला जावं लागंल. पोरीची शाळा सुटंल. पर सर भलत्यालाच बोलायलते.”

पैसे आले, पण निम्मे. लाइन वर्षभर चालेल, दुसरी शेड थांबली. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. नवी गाडी आहे, बाजारात मोठे लोक बसलेत. दिवाळीनंतर चकलांब्याहून तोडीचे ट्रक निघाले, त्या सकाळी मंगल आठ वाजता लाइनवर तिच्या बॅटरी स्टेशनवर होती. तिला बघून मला जे वाटलं त्याला आनंद म्हणणं कमी पडेल. मी तिचा ऋणी आहे, त्या बोल्टवाल्याचाही.

नंतर एकदा मंगलने सहज सांगितलं की पाने धुतल्याचं लाइनवरच्या पाचही जणांना माहीत होतं. चौघे गप्प का बसले, हे मी विचारलं नाही. मी तेव्हा किती मोठ्याने ओरडत होतो ते मला आठवत होतं. आता बोल्ट हलला की आधी मी आवाज खाली घेतो आणि मग विचारतो.