लटारूचा गडी

लटारू सुतारावर सरकारनं खटला भरला, तो स्वतः घडवलेल्या यंत्राला हात लावल्याबद्दल. ऐकून कोणालाही वाटेल, सांगणाऱ्याची काहीतरी गफलत होते आहे. गफलत कसली डोंबलाची! सगळं रीतसर झालं. शिक्के मारून झालं, साक्षी-पुरावे होऊन झालं, आणि शिकलेल्या माणसांनी केलं.

मोहटोला हे चांदा जिल्ह्यातल्या गडचिरोलीकडचं पन्नास-साठ घरांचं गाव. गावापेक्षा गावचा तलाव मोठा. खालच्या बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, वरच्या बाजूला जंगल. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पोटातून पाणी सोडायचं एक दगडी भोक आहे, त्याला तिकडे तुडूम म्हणतात. लाकडी खुंटा ठोकून ते बंद करायचं, पाणी फार चढलं की खुंटा उपसायचा, उतरलं की परत ठोकायचा. एवढ्यासाठी मालगुजाराचा एक गडी पावसाळाभर पाळीवरच्या खोपटीत राहायचा. एक्कावन साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला आणि गडी कोणाचाच उरला नाही. त्याच वर्षी भादव्यात खुंटा काढायला कोणी गेलं नाही. जो तो म्हणे, दुसरा गेला असेल. पाळीला भगदाड पडलं आणि लोंबीवर आलेलं धान गाळाखाली गेलं.

लटारूची स्वतःची बांधी एवढीशी, पण ते धान पाहून त्याला जेवण जाईना. तो पाळीवर जाऊन बसायला लागला. बायको रुखमाबाई म्हणाली, "काय पाहून राह्यले तिथी? पानीच त हाय."

"तेच पाहून राह्यलो," तो म्हणाला. "पानी आपलं आपन चढते, आपलं आपन उतरते. मंग खुंटा त्यानंच काऊन काढू नये?"

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं सागाचा एक लांब दांडा पाळीवरच्या खांबाला बिजागरीनं बसवला. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला सावरीचा हलका ओंडका, तो पाण्यावर तरंगणारा. मधोमध साखळीनं खुंटा टांगलेला. पाणी चढलं की ओंडका वर, ओंडक्यासोबत दांडा, दांड्यासोबत खुंटा. पाणी उतरलं की खुंटा परत भोकात. माणूस नको, झोप नको, चिलीम नको. गावानं त्याचं नाव ठेवलं लटारूचा गडी.

पण पहिल्या पावसाळ्यात गडी पिसाळला. जरा लाट आली की खुंटा उसळायचा, लगेच खाली आपटायचा, परत उसळायचा. गावातल्या रिकामटेकड्यांना चांगलाच विषय मिळाला. लटारूनं तो सगळा पावसाळा डोक्यावर मोरा, म्हणजे पानांचं इरलं, घेऊन पाळीवर काढला, आणि शेवटी ओंडक्याच्या बुडाला दांडीनं घट्ट एक मडकं बांधलं, पाण्यात पूर्ण बुडालेलं, बुडाशी तुरकाठीएवढं भोक पाडलेलं. आता ओंडका उसळायला गेला की आतल्या पाण्यासकट मडकं त्याला धरून ठेवी. पाणी त्या बारक्या भोकातून जाईल तेवढाच तो हले. खुंटा कसा, पंगतीतून उठणाऱ्या व्याह्यासारखा सावकाश वर जायचा आणि सावकाश खाली यायचा.

मडकं वर्षभरात झिजायचं, भोक गाळानं बुजायचं. म्हणून लटारूनं युक्ती केली. दरसाल आखाडीला झिंगू कुंभारानं नवं मडकं द्यायचं, त्याला शेंदराचं बोट लावायचं, नारळ फोडायचा आणि ते बांधायचं. लटारूचा शेंदरावर विश्वास होता असं नाही. पण काम सणाला बांधलं की गाव ते विसरत नाही, हे तो पक्कं जाणून होता.

चौपन साली नागपूरच्या एका कॉलेजातले उपासनी नावाचे प्रोफेसर आले. आपली आपण चालणारी यंत्रं हा त्यांच्या संशोधनाचा विषय. कोणीतरी त्यांच्या कानावर या गड्याची गोष्ट घातली होती. दोन पावसाळे ते लटारूच्या पडवीत राहिले, रुखमाबाईच्या हातचा भात आणि बोडीतली, म्हणजे लहान तळ्यातली, मासोळी जेवले. सगळी मापं घेतली, वह्याच्या वह्या भरल्या. लटारूनं हातचं काही राखलं नाही. कोणीतरी आपल्या डोक्यातलं इतक्या गोडीनं विचारतं आहे, याचंच त्याला अप्रूप. त्यानं सागाचा हातभर नमुनासुद्धा करून दिला.

"आन् साहेब, हे मडकं," तो एकदा सांगायला लागला.

उपासन्यांनी शेंदूर पाहिला आणि हसून वहीचं पान उलटलं. "ते तुमचं देवाधर्माचं राहू द्या, लटारू. आपण फक्त शास्त्र बघू."

पाहुणा माणूस, त्यात विद्वान. लटारू गप्प बसला. तिथं त्यानं गप्प बसायला नको होतं, एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

छप्पनच्या शेवटाला शाळेच्या मास्तरांनी वर्तमानपत्र आणलं. उपासनी डॉक्टर झाले होते, खात्याचे प्रमुख झाले होते, आणि छापलेल्या फोटोत त्यांच्या हातात लटारूनं केलेला सागाचा नमुना होता. खाली छापलं होतं, 'उपासनी स्वयंचलित द्वार'. लटारूला आधी आनंदच झाला. गडी नागपूरला पोचला म्हणून त्यानं चारचौघांना गूळ दिला. मग मास्तरांना म्हणाला, "माहं नाव कुठी हाय, ते वाचा ना जरा."

मास्तरांनी दोनदा वाचलं. नाव नव्हतं. 'स्थानिक ग्रामस्थांच्या सहकार्याने' एवढी एक ओळ होती.

"दोन बरसाती माह्या हातचं जेवला तो," रुखमाबाई कडाडली. "मिठाचा खडा कमी पडला त सांगे. आन् तुमचं नाव नाई आठवलं त्याले?"

सत्तावन साली सरकारी खात्याची माणसं आली. त्यांनी सागाचा दांडा उपटून फेकला आणि प्रोफेसरांच्या नकाशाबरहुकूम लोखंडी दांडा, पत्र्याचा पिंप आणि लोखंडी खुंटा बसवला. भोवती जाळी, जाळीला कुलूप, कुलपावर पाटी: हात लावू नये. मडकं अर्थातच नव्हतं. लटारू ओव्हरसियरच्या मागे मागे फिरला. "साहेब, मडकं नसंल त हे आपटते. माह्या लाकडी खुंट्यानं दगड फुटत नव्हता, हा लोखंडी हाय."

"मोठ्या डॉक्टरनं काढलेल्या नकाशात तुझं मडकं आहे का?" ओव्हरसियरनं विचारलं. नव्हतं. विषय संपला.

भादव्यात झड लागली. तिसऱ्या दिवशी सकाळपासून पाळीवर धाड धाड आवाज सुरू झाला, घराघरात ऐकू येईल एवढा. लोखंडी खुंटा उसळत होता आणि दगडावर आदळत होता. दुपारपर्यंत दगडाला चीर गेली, पाळीच्या खालच्या अंगाला गढूळ पाणी झिरपायला लागलं. एक्कावन साली असंच झिरपलं होतं. किल्ली ओव्हरसियरकडे, ओव्हरसियर तालुक्याला, आणि मधला नाला दुथडी भरलेला.

लटारूनं कुऱ्हाड घेतली. झिंगू कुंभार न सांगता मडकं घेऊन मागे निघाला. कुलूप तोडलं, छातीएवढ्या पाण्यात उतरून पिंपाच्या बुडाला मडकं आवळून बांधलं. आवाज थांबला. खुंटा सावकाश उचलला गेला आणि पाणी पाटानं चालतं झालं. पाळ राहिली, धान राहिलं.

दहा दिवसांनी समन्स आलं. सरकारी कुलूप तोडणे, उपासनी यंत्राची नासधूस करणे. गाव वाचवल्याचं कलम कायद्यात नसावं.

साक्षीला खुद्द उपासनी आले, जीपमधून. मॅजिस्ट्रेटनं परवानगी दिली तेव्हा लटारूनं त्यांना एकच विचारलं, "साहेब, तुमचं यंत्र हाय ना? मंग सांगा, मडकं कायले पायजे?"

उपासन्यांनी चष्मा पुसला. "ते... धार्मिक स्वरूपाचं काहीतरी आहे. यंत्राशी त्याचा संबंध नाही."

दोन पावसाळे! दोन पावसाळे ते मडकं त्या माणसाच्या नाकासमोर आपलं काम करत होतं आणि त्याला त्यावर फक्त शेंदूर दिसला. अशाला डॉक्टर म्हणायचं आणि ज्याला कळलं त्याला आरोपी.

मॅजिस्ट्रेट माणूस वाईट नव्हता. त्यानं कागद लिहून आणवला. 'सदर यंत्र माझे नसून ते डॉ. उपासनी यांचे आहे. माझ्या अज्ञानाने मी त्यास हात लावला, पुन्हा लावणार नाही.' एवढ्यावर अंगठा दिला की घरी जायचं, नाहीतर पंधरा दिवस कैद. विचार करायला जेवणाची सुट्टी संपेपर्यंत वेळ दिला.

व्हरांड्यात उपासनी जवळ आले. आवाज उतरलेला. "लटारू, लावून टाक अंगठा. मला तुझं वाईट व्हायला नको आहे. प्रबंधात सुताराचं नाव घातलं असतं तर तपासणाऱ्यांनी मलाच विचारलं असतं, 'मग यात तुमचं काय?' माझी नोकरी त्यावर होती रे."

"तुमची नोकरी होती," लटारू म्हणाला, "हे मले तवाच सांगतले असते, त मी म्हनलो असतो, लिहा दोघायचं. तुमी विचारलंच नाई, साहेब."

उपासनी तसेच वळले. जीपकडे जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

सुट्टी संपल्यावर कारकुनानं शाईचा पॅड पुढे सरकवला. लटारूनं तो तसाच मागे सारला.

"कुलूप तोडलं लिहा, लावतो आंगठा. कुऱ्हाड चालवली लिहा, लावतो. पन हे माहं नाई, असं मी कसं म्हनू? माह्या हातायलेच खोटं वाटंल."

पंधरा दिवसांची कैद झाली. रुखमाबाई पायरीवर बसून होती, ती उठली आणि भर कचेरीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बरं केलं."

तुरुंगाच्या दारात कारकुनानं वही उघडली. नाव? लटारू. धंदा? सुतार. मग त्यानं गुन्ह्याच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं, 'यंत्राची नासधूस'. सरकारदरबारच्या सगळ्या कागदांत लटारूचं नाव आणि त्याचं यंत्र, मध्ये उपासन्यांचं नाव न येता, एका ओळीत आलं आहे, ते तेवढ्या त्या कैद्यांच्या वहीत.