उशाशी मोहोर

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या एसटीत समुद्र दिसेल म्हणून मी खिडकी धरली होती. चौल येईपर्यंत समुद्र काही दिसला नाही. दिसल्या त्या वाड्या (नारळ-पोफळीच्या बागा), एकीला लागून दुसरी, आणि मधूनमधून मोहोरलेले आंबे. आमच्या मंगळवेढ्याकडे इतकी सावली एका जागी मी कधी पाहिलेली नाही.

पुण्यात मी वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. काचपट्टीला व्हॅसलीनचा पातळ हात लावून ती बागेत टांगायची, हवेतले परागकण चिकटले की सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे, असा माझा प्रकल्प. सोबतची मैत्रीण आयत्या वेळी गळाली, म्हणून चौलला एकटीच निघाले. दोन हिवाळे मला शिंका यायच्या, डोळे खाजायचे, छातीत बारीक शिट्टी वाजायची. घरी मी ‘सर्दी’ म्हणायचे. दमा म्हटलं तर माझे वडील, आप्पा, शिक्षण सोडवून परत नेतील, ही भीती होती.

कॉलेजातल्या सरांच्या ओळखीने चौलला एका कोकणी मुसलमान बाईंकडे राहायची सोय झाली होती; त्यांना सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत. त्यांचा मुलगा इम्रान मस्कतला नोकरीला, मुलगी लग्न होऊन गेलेली; एवढ्या मोठ्या घरात त्या एकट्याच.

“ये गो बाय! किती सुकलीयस! हॉस्टेलात जेवू घालत न्हाय काय?”

तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण होतं. मला माशाचे काटे काढता येणार नाहीत, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. मग माझी खोली दाखवली. उशाशी तांब्याच्या कळशीत मोहोराची भलीमोठी फांदी.

“मोहोरात पाहुणा आला की पहिली फांदी त्याच्या उशाशी. आमच्या घरची रीत हाय.”

एवढ्या प्रेमाने ठेवलेली फांदी बाहेर काढा, असं कसं म्हणणार? छान आहे म्हणाले.

सकाळी डोळे उघडेनात. “खारं वारं बाधलं तुला,” म्हणत खालांनी ओव्याची धुरी दिली. धुराने खोकल्याची उबळ आली आणि श्वास आत घेता येईना. तेव्हा घाबरून त्यांनी रिक्षा बोलावली आणि मला रेवदंड्याच्या डॉक्टरांकडे नेलं.

वाफेतून औषध दिल्यावर मी बोलू लागले. डॉक्टर म्हणाले, “ही सर्दी नाही. परागकण निरुपद्रवी असतात, पण तुझं शरीर त्यांना शत्रू समजून लढतं. म्हणून नाक, डोळे सुजतात. दुर्लक्ष केलं तर दमा बळावतो. आंबा, नारळ की गवत, ते कातडीवरच्या चाचणीने कळेल. तोवर गोळी, नाकाचा स्प्रे आणि हा तोंडाने ओढायचा पंप. पुढे लसही घेता येते, पण ती काही वर्षं घेत राहावी लागते.”

“मग हा विषय सोडावा लागेल?”

“एवढ्यात सोडू नकोस. मास्क लाव, बागेतून आलीस की अंघोळ कर, पंप जवळ ठेव. आणि धुरी अजिबात नको.”

 घरी येताच खालांनी फांदी अंगणाच्या टोकाला नेऊन टाकली आणि फोन लावला.

“इम्रान, बहिणीच्या लग्नाला तू आला न्हायस. मोहोरात दम लागतो बोललास. मी बोलले, बहाणे करतोस. ती फांदी तुझ्या उशाशी पण मीच ठेवायचे, न्हाय रे?”

 स्पीकरवर त्याचा आवाज आला, “अम्मी, तू जेवलीस काय?”

मी बाहेर ओटीवर जाऊन बसले. मलाही कुणीतरी हे विचारावं, असं फार वाटलं.

पुढचे दिवस मास्क लावून काचपट्ट्या टांगल्या. शेवटच्या संध्याकाळी समुद्रावर गेले. वारा थेट पाण्यावरून येत होता आणि माझी छाती मोकळी होती. हे सांगायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून आप्पांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

 आप्पा म्हणाले, “शिकायचं बंद करू नगंस. पण त्यो पंप गावाकडं चारचौघांत काढू नगंस. उद्या तुझं लगीन करायचंय.”

“बरं,” मी म्हणाले. त्यांनी ‘परत ये’ म्हटलं नव्हतं. तरी वाळूतून खालांच्या घरी जाताना रडू आलं.

परतीच्या एसटीत पुन्हा खिडकी मिळाली. वाड्यांमधून जाताना छातीत शिट्टी सुरू झाली. पंप बॅगेच्या तळाशी होता. गाडी माणसांनी भरलेली. मंगळवेढा इथून लांब असलं तरी आप्पांचा आवाज जवळच होता. थोडा वेळ मी श्वास धरून बसले. मग पंप काढला, हलवला आणि सगळ्यांसमोर ओढला.

शेजारच्या बाईंनी मांडीवरची पिशवी सावरली. “दमा हाय काय गो तुला?”

“हो,” मी म्हणाले. “परागकणांचा. वाऱ्याबरोबर येतात ते.”

त्यांनी माझ्यावरून हात लांब करून खिडकीची काच लावून घेतली.